तीनशे खणांचा रेडिओ

आमच्या साताऱ्याच्या घरात फडताळावर एक मर्फीचा रेडिओ होता आणि त्याच्या मागे, खाकी पाकिटात, त्याच्या परवान्याचे पुस्तक. वडील दर वर्षी पोस्टात जाऊन त्यात तिकीट लावून, शिक्का मारून आणत. रेडिओवरून बोलायला परवाना लागतो हे समजण्यासारखे होते. पण नुसते ऐकायलाही लागतो, याचे त्या घरात कुणाला कधी नवल वाटल्याचे मला आठवत नाही. १९८०च्या दशकात ही परवान्याची पद्धत बंद झाली आणि ते पुस्तक रद्दीत गेले.

हे सगळे १९९९ साली क्लीव्हलँडच्या एका उपनगरातल्या दुकानात उभा असताना आठवले. वायटूकेच्या लाटेत अमेरिकेला आलेल्या असंख्य मराठी संगणकवाल्यांपैकी मी एक. कोबोलचे जुने प्रोग्रॅम उघडून त्यातल्या दोन आकडी वर्षांना चार आकडी करायचे, हे काम. काचेच्या कपाटात हातात मावेल असे एक काळे यंत्र होते. हा स्कॅनर, यावर पोलीस, अग्निशमन, बर्फ उपसणाऱ्या गाड्या सगळे ऐकू येते, असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. मी परवान्याचे विचारले. त्याला प्रश्नच कळला नाही.

स्कॅनरचा इतिहास बहुधा रेडिओ तंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो स्मरणशक्तीच्या बाजूने सांगायचा आहे. कारण या यंत्राला ऐकण्याची ताकद पहिल्यापासून भरपूर होती. कमी पडत होती ती काय ऐकायचे हे लक्षात ठेवण्याची जागा.

७ एप्रिल १९२८ रोजी डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून संदेश द्यायला सुरुवात केली. संवाद एकतर्फी होता. गाडीतल्या शिपायाला ऐकू येई, उत्तर द्यायचे तर टेलिफोन गाठावा लागे. दुतर्फी बोलणे १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बायोन गावाने साधले. या पोलिसी लहरी नेहमीच्या मध्यमलहरींच्या पट्ट्याला लागूनच, थोड्या वरच्या बाजूला होत्या. त्यामुळे घरातल्या रेडिओचा काटा टोकाला नेला की चोरी, मारामारी, आग सगळे दिवाणखान्यात. रेडिओ बनवणाऱ्यांनी हे लपवले तर नाहीच, १९३०च्या दशकातल्या कित्येक संचांच्या तबकडीवर त्या जागी ‘पोलीस’ असे छापलेले सापडते. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध छायाचित्रकार वीजी याने १९३८ पासून परवानगी घेऊन गाडीत पोलीस रेडिओ बसवला होता आणि तो कित्येकदा पोलिसांच्या आधी घटनास्थळी पोचे. १९३४च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या ६०५व्या कलमाने असे ऐकलेले दुसऱ्याला सांगण्यावर आणि त्यातून स्वतःचा लाभ करून घेण्यावर बंधन घातले. नुसते ऐकणारा कान मात्र बहुतांशी मोकळा राहिला. हे कलम पुढे माझ्याही आयुष्यात एकदा येणार होते.

पोलीस पुढे वरच्या लहरींवर गेले, फ्रिक्वेन्सी वाढल्या, आणि साठच्या दशकात आपोआप एकेक चॅनेल चाळत जाणारे संच आले. प्रत्येक चॅनेलसाठी एक स्फटिक विकत घ्यायचा. आठ स्फटिक, आठ चॅनेल. नववे हवे असेल तर एक काढा. सत्तरच्या दशकात बेअरकॅट १०१ आला. त्याला सोळा चॅनेल होते, आणि फ्रिक्वेन्सी भरायची ती समोरच्या सोळा बटणांनी, पुस्तकात बघून, वर-खाली, वर-खाली, म्हणजे चक्क द्विमान पद्धतीने. १९७७च्या बेअरकॅट २१०ला आकड्यांच्या कळा आल्या. त्याचे चॅनेल दहा. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि रेडिओ शॅकचा प्रो-२००४ तीनशे चॅनेलांसकट आला. तीनशेही पुरेनात. बिल चीक नावाच्या गृहस्थाने १९९०च्या सुमारास स्कॅनरमध्ये फेरफार कसे करावेत यावर पुस्तके लिहिली. त्यात एक डायोड जोडून तीनशेचे चारशे कसे करावेत हे तर आहेच, पण मोठी स्मृती-चिप डकवून आणि बाहेर एक निवड-बटण बसवून चारशेचे सोळा संच, म्हणजे ६,४०० चॅनेल कसे मिळवावेत हेही आहे. एका माणसाला ६,४०० चॅनेल कशाला हवेत, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने कधी स्कॅनर वापरलेला नाही.

आणि मग, हा सगळा हिशेब जुळत आलेला असताना, ट्रंकिंग आले.

आमच्या पिढीला ‘ट्रंक कॉल’ शब्द चांगला ठाऊक आहे. साताऱ्याहून मुंबईला कॉल बुक करायचा आणि टेलिफोनशेजारी बसून राहायचे. दोन गावांमधल्या तारा मोजक्या, बोलणारे अनेक. जी तार मोकळी होईल ती पुढच्याला. ती सामायिक तार म्हणजे ट्रंक. किती बोलणाऱ्यांना किती तारा पुरतील याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर अर्लांग यांनी १९०९ आणि १९१७च्या लेखांत मांडून ठेवले होते. तिकिटाच्या प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावली तर एक खिडकी तुंबते आणि शेजारची रिकामी बसते. सगळ्यांची एकच रांग करून जी खिडकी मोकळी होईल तिकडे माणूस पाठवला तर त्याच खिडक्यांत कितीतरी जास्त लोक निघतात. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला आणि टेलिफोनचे हे गणित रेडिओला लावले गेले. पोलिसांची एक फ्रिक्वेन्सी, अग्निशमनाची दुसरी, पाण्याची तिसरी, असे न करता सगळ्यांची मिळून वीसेक फ्रिक्वेन्सींची एक पेटी करायची. एक कंट्रोल चॅनेल अखंड सांकेतिक किरकिर करत राहतो: अमुक क्रमांकाच्या गटाने आता तमुक चॅनेलवर जावे. गटातले सगळे रेडिओ उडी मारतात, बोलणे होते, पुन्हा परत. या गटाला टॉकग्रुप म्हणतात. पुढचे वाक्य त्याच चॅनेलवर येईल असे नाही.

नगरपालिकांची यामुळे सोय झाली, पण ऐकणाऱ्याची दैना उडाली. फ्रिक्वेन्सी साठवलेली असायची, पण तिच्यावर एक वाक्य पोलिसांचे, पुढचे कचऱ्याच्या गाडीचे, त्यानंतरचे शाळेच्या बसचे. पाच कीर्तने एकाच वेळी चालू असलेल्या देवळातून फिरावे तसे. १९९७ साली युनिडेनने कंट्रोल चॅनेलची किरकिर समजणारा पहिला ट्रंकट्रॅकर स्कॅनर बाजारात आणला. त्याच्याच पुढच्या भावंडांपैकी एक मी घेतला होता.

त्याची रचना अशी होती. तीनशे चॅनेल, तीस-तीसच्या दहा बँका. एका बँकेत एकच ट्रंक सिस्टिम. फ्रिक्वेन्सी भरून झाल्या की टॉकग्रुपचे क्रमांक ठेवायला त्या बँकेत दहा याद्या, एकेका यादीत दहा जागा. ऐकायला पुष्कळ वाटते. पण मोटोरोलाच्या पद्धतीत एका सिस्टिमवर चार हजारांहून अधिक टॉकग्रुप असू शकतात. त्यांचे क्रमांक शून्यापासून ६५ हजारांच्या पुढेपर्यंत जातात, पण सगळे सोळाच्या पाढ्यातले, कारण शेवटच्या चार बिटांत बोलण्याची स्थिती दडवलेली असते. ३२०४८ हा गट असेल आणि त्यातल्या कुणी संकटाचे बटण दाबले तर पडद्यावर ३२०५० दिसते. स्थितीची ही खूण धरायची असे स्कॅनरला सांगून ठेवले, तर नेमके तेच बोलणे अनोळखी ठरून गळते. म्हणजे एरवी नीट ऐकू येणारा माणूस मदत मागायला लागला की ऐकू येईनासा होतो. हे कळायला मला सहा महिने लागले. शेजारच्या काउंटीत जनरल इलेक्ट्रिकची एडॅक्स पद्धत होती. तिथे फ्रिक्वेन्सी नुसत्या भरून भागत नाही, त्या ठरलेल्या क्रमानेच भराव्या लागतात. पाचवी सहाव्या खणात गेली की स्कॅनर भलत्याच्याच दारात जाऊन उभा. आणि सगळ्यांत जागाखाऊ म्हणजे राज्यभराच्या सिस्टिम. ओहायोच्या ८८ काउंट्यांसाठी ‘मार्क्स’ नावाची यंत्रणा त्याच सुमारास उभी राहत होती. सिस्टिम एक, टॉकग्रुप तेच, पण मनोरा बदलला की फ्रिक्वेन्सी वेगळ्या. माझ्या जुन्या यंत्राला हे एकच घर आहे असे समजावून सांगण्याची सोय नव्हती. प्रत्येक मनोऱ्याला एक बँक द्यायची आणि त्याच टॉकग्रुपची यादी प्रत्येक बँकेत पुन्हा कळा दाबून भरायची. एक चूक झाली की मागे जाण्याची कळ नाही.

तेव्हा शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर स्कॅनर, पेन्सिल आणि दोनशे पानी वही घेऊन मी बसे. वहीत एका पानावर एक बँक. डावीकडे क्रमांक, उजवीकडे तो कुणाचा. मधला रकाना ‘कशावरून’. कारण हे क्रमांक कुणी छापून देत नाही. स्कॅनर शोध-पद्धतीवर ठेवायचा, म्हणजे सिस्टिमवरचे सगळे बोलणे तो ऐकवतो आणि क्रमांक दाखवतो. मग कान देऊन ओळखायचे. ‘मीठ संपले’ म्हणतो तो रस्ते विभाग. ‘शिडी तीन’ म्हणजे अग्निशमन. एक गट आठवडाभर ओळखू येईना. शेवटी कुणीतरी झेंबोनीचे टायर म्हणाले तेव्हा कळले, की तो नगरपालिकेचा बर्फावरचा खेळाचा हॉल आहे. सामाजिक इतिहास लिहिणारे जनगणनेच्या तक्त्यांवर काम करतात. एका अमेरिकन उपनगराची शरीररचना मी या पेन्सिलीच्या रकान्यांतून शिकलो: रात्री तीनला कोण जागे असते, पाऊस पडला की कुणाचा आवाज चढतो, कोणत्या खात्याचे लोक एकमेकांशी विनोद करतात.

जागा संपत गेल्या तसे एकेक नाव खोडावे लागले. खेळाचा हॉल पहिल्यांदा गेला. मग शाळेच्या बस, मग बागा. २००१च्या उन्हाळ्यात शेजारच्या उपनगराचे अग्निशमन घ्यायचे म्हणून मी पाणीपुरवठ्याचा ३३१०४ खोडला. दिवसात चार वाक्ये बोलणारा गट, त्यातही तीन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची. वगळताना जराही जड गेले नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर काही महिने स्कॅनर खणातच राहिला. बॅटरी होत्या, पण धैर्य नव्हते. १५ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली, ती केवळ पगडी आणि दाढी पाहून. आपल्या रंगाच्या माणसाने कानाला पोलिसांचा आवाज लावून बागेत बसणे कायद्याने चालते की नाही, हा प्रश्न तेव्हा उरला नव्हता. बायको म्हणाली, “ते काळं डबडं घेऊन बाहेर जायचं नाही.” मी गेलो नाही. या छंदाच्या इतिहासात ‘ऐकण्याचे स्वातंत्र्य’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. ते कुणाच्या हातात किती असते, हे त्यात क्वचित लिहिलेले दिसते.

दुसरा प्रसंग २००२च्या हिवाळ्यातला. रुग्णवाहिकांच्या गटावर एक पत्ता आला. वृद्ध गृहस्थ, छातीत दुखणे, इंग्रजी येत नाही. पत्ता ओळखीचा होता. मराठी मंडळातल्या एका कुटुंबाचा. त्यांचे वडील नुकतेच भारतातून आले होते. माझा हात फोनकडे गेला. दुभाषी म्हणून उपयोग झाला असता, हे खरे. पण ऐकलेले दुसऱ्याला सांगू नये, हे कलम मनात होते आणि त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, मला कसे कळले हे काय सांगणार? मी फोन केला नाही. आजोबा वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच ऐकतो आहे असा आवाज काढून मी “अरे बापरे” म्हणालो. त्या रात्री मी तो गट खोडला आणि त्या खणात दुसरे काही भरले नाही. यंत्राची स्मृती कमी आहे म्हणून खोडलेली नावे वहीत एका रेघेने खोडलेली आहेत. हे एकच नाव दोन रेघांनी.

१४ ऑगस्ट २००३. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. पुढे दोन देशांच्या चौकशी समितीने जो अहवाल दिला त्यात या दिवसाची मिनिटवार हकिगत आहे. आमच्याच ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दोन वाजून गेल्यावर धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली मुकाट्याने बंद पडली होती, आणि तीन वाजून पाच मिनिटांनी उन्हाने तापून लोंबलेली एक अतिउच्च दाबाची तार झाडाला टेकली. तिथून तासाभरात आठ राज्ये आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून पाच कोटी लोक अंधारात. पण त्या वेळी आम्हाला एवढेच ठाऊक होते, की पंखा थांबला, सेलफोन लागत नाही आणि मुलगी चार महिन्यांची आहे.

तिला वरचे दूध होते. पावडर आणि पाणी. पाणी अजून नळाला येत होते. मी स्कॅनर चालू केला. पोलीस चौकांत उभे राहत होते, अग्निशमनवाले लिफ्ट उघडत होते, माझ्या निवडलेल्या सगळ्या याद्या घाईने बोलत होत्या, आणि माझ्या कामाचे त्यात काहीही नव्हते. तासाभराने मी याद्या सोडून शोध-पद्धत लावली. सगळ्या शहराचा कोलाहल आला. त्यात एक शांत, जवळजवळ कंटाळलेला आवाज होता. तो आकडे सांगत होता, आणि ते दर वेळी आधीपेक्षा कमी होते. पडद्यावर क्रमांक ३३१०४. ओळखीचा वाटला, पण आठवेना. मेणबत्ती घेऊन वही उघडली. एका रेघेखाली स्वच्छ वाचता येत होते: पाणी.

क्लीव्हलँडला पाणी एरी सरोवरातून पंपाने चढते आणि ते पंप विजेवर चालतात. सरोवरापासून लांब, उंचावरच्या उपनगरांचे पाणी आधी जाणार, हे त्या आकड्यांवरून कळत होते, आणि आम्ही उंचावर होतो. बादल्या, पातेली, कुकर, टब, पुरणाचे मोठे भगोणे सुद्धा आम्ही भरले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी जाऊन पाणी भरून ठेवायला सांगितले. ६०५वे कलम त्या संध्याकाळी मला आठवलेसुद्धा नाही. रात्री नळ फुसफुसला आणि थांबला. पाणी परत आल्यावरही ते उकळून घ्या अशी सूचना दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी, वीज आल्यावर, रुग्णवाहिकांच्या रिकाम्या ठेवलेल्या खणात मी ३३१०४ भरला.

त्या यंत्राचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. २००४ साली नेक्स्टेलच्या फोनांचा पोलिसांच्या रेडिओला त्रास होतो म्हणून ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची पुनर्रचना करायचा हुकूम निघाला. पट्ट्याचा एक मोठा भाग १५ मेगाहर्ट्झ खाली सरकला. कोणता चॅनेल म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी हा तक्ता माझ्या स्कॅनरच्या पोटात कायमचा कोरलेला होता; तो प्रामाणिकपणे जुन्या जागी उडी मारत राही आणि तिथे कुणी नसे. मग ‘प्रोजेक्ट २५’चे डिजिटल आवाज आले, ते त्याला कळतच नव्हते. बाजारात बँकांची भिंतच नसलेले स्कॅनर आले, ज्यांत स्मृती हवी तशी वाटून घेता येते. २०१०चा होमपेट्रोल तर सबंध अमेरिकेची जंत्री कार्डात घेऊनच आला. पिन कोड दाबा, तो ऐकवू लागतो. त्याने शनिवारच्या दुपारी वाचवल्या, हे कबूल. पण तो कोण काय बोलतो हे आधीच सांगून टाकतो. माझ्या मते या छंदाचा जीव ‘कशावरून’ या रकान्यात होता, आणि होमपेट्रोलच्या पडद्यावर तो रकाना नाही.

आता तर त्याही यंत्रांना ऐकण्यासारखे कमी उरत चालले आहे. शिकागोच्या पोलिसांनी २०२२पर्यंत आपले बोलणे कूटबद्ध केले आणि नागरिकांसाठी अर्ध्या तासाने उशिरा ऐकायची सोय ठेवली. न्यूयॉर्कने जुलै २०२३मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. यामागे पोलिसांची सुरक्षा आहे, रुग्णांची खासगी माहिती आहे, आणि त्या आजोबांचा पत्ता ऐकलेला माणूस म्हणून मला ती कारणे खोटी वाटत नाहीत. पण अर्ध्या तासाने ऐकलेल्या पाण्याच्या दाबाचा मला उपयोग झाला नसता. पाण्याचे खाते अजून उघडे बोलते का, हे जिथे जिथे कूटलेखन होत आहे तिथे कुणीतरी विचारायला हवे. सगळे एकाच पेटीत असल्यामुळे कुलूप लावताना बहुधा सगळ्यांनाच लागते.

या दिवाळीपूर्वी माळा आवरताना तो स्कॅनर सापडला. ॲडॅप्टर लावला. स्मृती शाबूत होती: दहा बँका, सगळ्या याद्या. त्याने पहिल्या बँकेपासून चाळायला सुरुवात केली आणि कुठेही थांबला नाही. वहीही शेजारीच होती. मुलगी आता बावीस वर्षांची आहे. ३३१०४च्या पुढे एक खोडलेली रेघ आणि तिच्यावर पुन्हा पेन्सिलीने गिरवलेले ‘पाणी’ पाहून तिने विचारले, “हे बाबा, खोडून परत का लिहिलंय?”

मी भगोण्यापासून सांगायला सुरुवात केली.